भंगार कुणाला म्हणालात, भावोजी

प्रिय भावोजी यांना,

वहिनीचे आशीर्वाद. नात्याने मोठी असल्यामुळे ते द्यावेच लागतात. मनापासूनचे हवे असतील तर हे पत्र शेवटपर्यंत वाचावं लागेल. तुमचा गुडघा कसा आहे? मी सांगितलेला व्यायाम तुम्ही करत नसणार, म्हणजे तो होता तसाच असणार. धाकटीच्या खोकल्याला वाफ द्या आणि ती उघड्या खिडकीशी बसून तासन्‌तास फोनवर बोलते ते बंद करायला सांगा. (तुम्ही सांगणार नाही. तुमच्या घराण्यातल्या पुरुषांनी बायकोला काही बंद करायला सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तेवढा एक गुण तुम्हा लोकांत आहे.) इकडे मी बरी आहे. बरी म्हणजे रक्तदाबाची गोळी घेते, चष्म्याचा नंबर वाढलाय, दूध अजून दोघांचं घेते आणि उरलेलं मांजराला घालते, त्यामुळे ते मांजर आता माझ्याकडे पेन्शनर असल्यासारखं वेळेवर येतं. संध्याकाळी घरात कुणी मोठ्याने जांभई देत नाही, याची सवय व्हायची आहे. बाकी सर्व क्षेम.

आता मुद्द्याचं. तुमचे दादा गेले त्याच आठवड्यात तुम्ही आमच्या अंगणात उभं राहून त्यांच्या ट्रकला भंगार म्हणालात. तुम्ही विसरला असाल, मी विसरलेले नाही. ट्रक गेटाबाहेर, रस्त्याच्या कडेला उभा होता. लोकांच्या येण्याजाण्याला अडचण होते म्हणून तो आत घ्यायला तुम्ही सुरू केलात. अंगणात येईपर्यंत बॉनेटखालून धूर, इंजिनाच्या कडेने तेलाच्या धारा, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत काळा ओघळ. तुम्ही खाली उतरलात, हात पुसलेत आणि म्हणालात, "इंजिन गेलंय वहिनी, भंगारात देऊन टाका." तेही ट्रककडे पाठ करून. माझ्याकडेही बघितलं नाहीत. चहा न घेता गेलात आणि तेव्हापासून ना फोन, ना चिठ्ठी. महिन्याभराने आला तो तुम्ही पाठवलेला भंगारवाला. त्याने टायरला लाथ मारली (कशासाठी, ते त्यालाच ठाऊक, डॉक्टर पेशंटला लाथ मारून बघत नाहीत) आणि म्हणाला, आजी, लोखंडाच्या वजनावर घेऊन जातो. मी त्याला म्हटलं, तू स्वतः काट्यावर उभा राहा, मग तुझ्या घरच्यांना विचारते वजनावर देता का. तो गेला. पण त्याचा शब्द घरात राहिला. रोज भांडी घासताना खिडकीतून ट्रक दिसे आणि कानात तो शब्द. खिडकीतून दुसरं काही दिसतच नाही, कारण तुम्ही तो बरोबर तिच्यासमोर लावून गेलात.

तुम्हाला माहीत आहे, मी सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरात काढली, शेवटी मेट्रन होऊन निवृत्त झाले. रुग्ण एकाच कुशीवर पडून राहिला की काय होतं ते मला कुणी सांगायला नको. पाठीला आधी लाली येते, मग जखम होते. ट्रकचंही तेच. टायर एका बाजूने बसायला लागले, दाराच्या बिजागरीला तांबूस पूड दिसायला लागली. मला त्या ट्रकचं काही वाटत नाही, हे आधी स्पष्ट करते. त्याचा वास मला लग्नानंतर पहिल्या आठवड्यात नकोसा झाला आणि शेवटपर्यंत तसाच राहिला. पण तपासल्याशिवाय कुणाला मृत म्हणायचं नाही, एवढं शिस्तीत वाढलेल्या माणसाला कळतं.

तेव्हा मी शेजारच्या घड्याळजींना बोलावलं. (तुम्ही त्यांना ओळखता, डोळ्याला भिंग लावून घराबाहेर पडतात आणि मग रस्ता केवढा मोठा झालाय म्हणून दचकतात.) त्यांचं दुकान बंद झालंय, आता घड्याळ कुणी दुरुस्त करत नाही, सगळे फोनमध्ये वेळ बघतात. ते दिवसभर जिन्यावर बसून जगाचा शेवट कसा जवळ आलाय ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मी म्हटलं, जगाचा शेवट होईल तेव्हा होईल, तोवर हे बॉनेट धरा. त्यांनी आत डोकावून बराच वेळ भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "मेट्रनबाई, हे फार मोठं आहे." मी म्हटलं, तेच तर, आत काय आहे ते चष्म्याशिवाय दिसेल. पण एक गोष्ट त्यांनी बरोबर सांगितली: तेल खालून येत नाहीये, वरून येतंय. इंजिनाच्या डोक्यावर ओळीने तीन झाकणं आहेत, टॅपेट कव्हर म्हणतात ती, आणि तेल त्यांच्या कडांमधून ओसंडून खाली उतरलंय. झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये बुचाची पातळ चौकट असते, मेकॅनिक लोक तिला पॅकिंग म्हणतात. ते पॅकिंग गेलं तर तेल गळतं. म्हणजे इंजिन गेलेलं असेलच असं नाही. बरणीचं झाकण सैल आहे म्हणून कुणी लोणचं फेकून देत नाही.

पॅकिंग आणायला स्पेअर पार्टच्या दुकानात मी स्वतः गेले. तिथल्या इसमाने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं की मेकॅनिकने चिठ्ठी दिलीय का. मी म्हटलं, मेकॅनिक मीच. त्याने पाण्याचा ग्लास परत घेतला. (का, ते मला अजून कळलेलं नाही.) तीन पॅकिंगं मागितली, त्याने चार बांधली. म्हणाला, एक जास्तीचं लागेल तुम्हाला. त्या माणसाचा मला फार राग आला, आणि ते चौथं लागलं याचा त्याहून जास्त.

टेबलावर धुतलेली चादर अंथरली. पाने, पक्कड, खरवडायची पट्टी स्पिरिटने पुसून ओळीने मांडली. घड्याळजींना हात धुवायला लावले, त्यांनी का म्हणून विचारलं, मी उत्तर दिलं नाही. थिएटरात उत्तर देत बसत नाहीत. मी स्टुलावर, ते दुसऱ्या बाजूला बंपरवर. बोल्ट मी काढायचे आणि त्यांनी बशीत ठेवायचे असं ठरलं. ते प्रत्येक बोल्ट चिमट्याने उचलत होते. बोल्ट अंगठ्याएवढा, चिमटा पापणीएवढा. दोनदा बोल्ट निसटून खाली पडला आणि दोन्ही वेळा ते म्हणाले, "आपलंही असंच व्हायचं." मी त्यांना सांगितलं की पडलेल्या बोल्टावर प्रवचन करू नका, खाली उतरून तो शोधा.

पहिलं झाकण बोल्ट काढूनही निघेना, जुनं पॅकिंग भाजून चिकटलं होतं. मी ठोकणार होते, पण घड्याळजींनी त्यांची ती चिमुकली हातोडी काढली आणि कडेने टिकटिक टिकटिक करत फिरले. आणि खरंच, झाकण सुटलं. आत पाहिलं तर सगळं तेलकट, सोनेरी, स्वच्छ. मी आतापर्यंत पुष्कळ पोटं उघडी पाहिली आहेत, भावोजी, आणि बाहेरून बरं दिसणाऱ्या माणसाच्या आत काय काय निघतं ते पाहिलंय. इथे उलट होतं. बाहेरून सगळं काळं, आणि आत काही बिघडलेलं नाही. (तुमच्या दादांच्या बाबतीतही मी हेच म्हणत आले, फक्त त्यांच्या बनियनांबद्दल बोलताना.)

जुनं पॅकिंग खरवडताना त्याचे तुकडे आत पडू नयेत म्हणून प्रत्येक झाकणाखाली, तेल परत खाली जायच्या भोकांवर, मी पांढऱ्या कापडाच्या घड्या ठेवल्या. मोजून. थिएटरात कापड आत गेलं की मोजायचं आणि टाके घालायच्या आधी परत मोजायचं; आकडा जुळल्याशिवाय सर्जन कितीही मोठा असला तरी त्याला सुई मिळत नाही. माझ्या हातून एकदाही हिशोब चुकलेला नाही, आणि एका ट्रकसाठी मी तो चुकू देणार नव्हते. प्रत्येकाखाली दोन घड्या, एकूण सहा. घड्याळजींना मोठ्याने म्हणायला लावलं. ते म्हणाले, सहा, जणू मी त्यांना शिक्षा केली होती.

तिसरं झाकण अगदी मागे, केबिनच्या भिंतीला लागून. तिथे हात जातो पण नजर जात नाही. पाना लावला तर बोल्ट बोटांनीच फिरले. दोन सैल, बाकीचे जागेवर नव्हतेच. मी तुमच्या नावाने जे बोलले ते इथे लिहीत नाही. मला वाटलं, तुम्हीच कधीतरी उघडून अर्धवट सोडलं असणार. अर्धवट जेवून उठणारा माणूस दुसरं काय करणार. आत अंदाजाने दोन घड्या सरकवल्या, चाचपडत खरवडलं, आणि सगळं झाल्यावर एकेक घडी बाहेर काढून चादरीवर ठेवली. घड्याळजींनी मोजली. सात.

मी म्हटलं, परत मोजा. सात. ते म्हणाले, "एक जास्तच आलंय ना, मग नफाच झाला." त्यांना कसं सांगणार. थिएटरात कापड कमी भरलं तर आपली चूक, ते शोधता येतं. जास्त भरलं तर त्याचा अर्थ आपल्या आधी कुणीतरी हे पोट उघडलं होतं आणि ते काम पुरं न करता गेलं. सातवं कापड इतर सहांसारखं नव्हतं. काळं, जाड, तेल पिऊन फुगलेलं. ते मी रॉकेलमध्ये बुडवलं, मग साबणाने धुतलं, मग परत धुतलं. आधी पिवळा रंग दिसला. मग कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचं फूल.

ते फूल मी काढलेलं आहे. कॉन्व्हेंटमध्ये मदरनी शिकवलेला टाका, मागची बाजूही पुढच्यासारखी दिसली नाही तर त्या उसवायला लावत. टॉवेल चांगला होता, पाहुण्यांचा. दादा आजारी पडले त्या सकाळी त्याचा अर्धा भाग न्हाणीघराच्या खिळ्यावर लोंबत होता आणि अर्धा नव्हता. फाडलेला. मी विचारलं. ते बाहेरून येऊन स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले होते, हात धुतलेले (न सांगता, तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी बिघडलंय), आणि म्हणाले, "मी नाही घेतला. जरा बसतो." मी म्हटलं, मग काय टॉवेल स्वतः फाटला? चिंध्यांचा डबा त्याच्या जागेवर होता, माळ्यावर; स्टुलावर चढलं की हात पोहोचतो. थोड्या वेळाने आम्ही रुग्णवाहिका बोलावली.

म्हणजे त्या सकाळी ते हेच करत होते, भावोजी. तिसरं झाकण उघडून त्याचं पॅकिंग बदलत होते. कापड आत ठेवलं, छातीत दुखायला लागलं, झाकण तसंच वर ठेवून हाताला आले तेवढे दोन बोल्ट फिरवले, बॉनेट पाडलं आणि घरात आले. आणि आल्या आल्या बायकोने टॉवेलचं विचारलं, तर खोटं बोलले. मी बरोबर होते. टॉवेल त्यांनीच घेतला होता. इतकी वर्षं झालेल्या भांडणांपैकी हे एकच असं, ज्यात मी पुराव्यानिशी जिंकले, आणि ते कबूल करायला समोर कुणी नाही. मी तो तुकडा हातात धरून स्टुलावर किती वेळ बसले ते माहीत नाही. घड्याळजींनी स्वतःचा रुमाल काढून दिला, मग आठवून म्हणाले, "हा मोजू नका."

आता पुढचं नीट वाचा, कारण त्यासाठीच हे पत्र आहे. हॉस्पिटलात दादांच्या तोंडावर मास्क होता. तुम्ही पलंगाशी बसला होता. त्यांनी मास्क बाजूला केला आणि तुम्हाला म्हणाले, "ट्रक सुरू करू नकोस." एवढंच. मग दम लागला, नर्सने मास्क परत लावला. तुम्ही उठून व्हरांड्यात गेलात. तुमचा चेहरा मी पाहिला होता. तुम्ही दोघं भाऊ आळीपाळीने तो ट्रक चालवत वाढलात, आणि जाताना मोठ्या भावाने तुम्हाला सांगितलं की माझ्या गाडीला हात लावू नको: तुम्ही असंच समजलात. मीही असंच समजले. मला वाटलं, स्वभाव जात नाही; कुणी त्यांचा आरसा अर्धा इंच हलवला तरी त्यांना जेवण जात नसे. तेव्हा मी तुमच्याजवळ येऊन काही बोलले नाही. काय बोलणार.

तसं नव्हतं ते. आत कापड होतं. तेल परत जायच्या भोकावर कापड ठेवून इंजिन चालवलं की तेल वरच साचतं आणि सैल झाकणातून बाहेर ओततं. त्यांना एवढंच सांगायचं होतं, की काम अर्धं आहे, अजून सुरू करू नको. तुमच्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही; ते गेले की किल्ली तुम्हीच फिरवणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं म्हणून. दुसऱ्या कुणाला त्यांनी हे सांगितलं नाही. मला तर नाहीच. मला काय, मी टॉवेलचंच विचारलं असतं.

यानंतर आम्ही पॅकिंगं बसवली; तिसऱ्या झाकणाचे बाकीचे बोल्ट सीटखाली सापडले. पहिलं मी आवळलं, हात तुटलेल्या माणसाचं रक्त थांबवायला पट्टी आवळावी तसं, आणि बूच चिरडून कडेने बाहेर आलं. (तेच ते चौथं.) मग घड्याळजींनी आवळली, मधल्या बोल्टापासून कडेकडे, प्रत्येक थोडा थोडा, श्वास रोखून. बॅटरी उतरली होती, ती बॅटरीवाल्याने भरून दिली. वाहून गेलेलं तेल भरलं. आणि मी पहिल्यांदा त्या सीटवर बसले. सीटला त्यांच्या आकाराचा खड्डा पडलाय, त्यात मला पुढचं काही दिसत नव्हतं, उशी घ्यावी लागली. किल्ली फिरवली. आधी खोकला, मग काळा धूर, मग ते सुरू झालं. घड्याळजी भिंग लावून तिन्ही झाकणांच्या कडांवरून फिरले, बोट लावून पाहिलं, आणि माझ्याकडे वळून कोरडं बोट दाखवलं. तुमच्या भंगाराने, भावोजी, एक थेंब गाळला नाही.

मग मी किल्ली उलटी फिरवली आणि ते थांबेना. किल्ली काढून हातात घेतली, तरी चालूच. इतके दिवस मेलेलं म्हणून सगळे बोलत होते आणि आता मेलं मरेना. घड्याळजी हात जोडून उभे राहिले. मला त्या आवाजात एकच गोष्ट सुचली, की जे थांबायला नको होतं ते पटकन थांबलं आणि हे मात्र थांबत नाही. मग आठवलं, दादा उतरताना खाली वाकून एक काळं बटण बाहेर ओढायचे. मी ते ओढलं. शांत झालं. फार शांत झालं. मांजर दूध टाकून पळालं होतं, तेही परत आलं.

तेव्हा तुम्ही माफी मागायची आहे ती माझी नव्हे, ट्रकची. भंगारवाल्यालाही कळवा की तो परत येऊ नये. पत्र फार लांबलं, हात दुखतोय. धाकटीला वाफेचं सांगा.

तुमची वहिनी

ता. क. ट्रक मी विकणार नाही. भंगारात देणार नाही. आणि रोज सकाळी खिडकीतून तो मला बघवत नाही. या तिन्ही गोष्टी एकदम जमवू शकेल असा मला एकच माणूस माहीत आहे, आणि तो सध्या ट्रक सोडून कुणाच्या तरी गोदामात वजनकाट्यावर बसून दुसऱ्यांच्या गाड्यांचे आकडे वाचतो. किल्ली खिळ्यावर आहे, टॉवेलच्या.

ता. क. दुसरा. आमच्या गेटातून तो मागे घेताना माणूस मागे उभा लागतो, तुम्हाला माहीत आहेच. ट्रकच्या मागच्या फळीवर एक थाप म्हणजे येऊ दे, दोन म्हणजे थांब. परक्या ड्रायव्हरला माझ्या थापा कळत नाहीत. दूधवाल्याची गाडी मी अशीच भिंतीवर घातली. त्या फक्त तुम्हा दोघा भावांना कळायच्या. तुम्ही सीटवर बसा, मी फळीवर थाप मारते. गेटाबाहेर गेल्यावर दोन थापा वाजणार नाहीत, तेव्हा थांबू नका.

ता. क. तिसरा. आदल्या दिवशी मुक्कामाला या. टॉवेलचे दोन्ही तुकडे मी शिवून एक केलेत, मागची बाजू पुढच्यासारखीच दिसते. तो पाहुण्यांसाठी नाही. तुमचा तुम्ही आणा.